व्हेरिओचा काटा, सरासरी, नेट्टो आणि ग्लाइड रेशो: कुठल्या आकड्याचं ऐकायचं?

बिनइंजिन

ग्लायडरच्या पॅनलवर चढ-उताराचे निदान पाच आकडे एकाच वेळी दिसतात आणि पाचही एकमेकांशी भांडत असतात. समजा एएसके-२१ हे दोन जणांचं ग्लायडर थर्मलमध्ये, म्हणजे वर जाणाऱ्या गरम हवेत, फिरतंय. व्हेरिओचा, म्हणजे चढ-उताराचा वेग दाखवणाऱ्या यंत्राचा, काटा ४ मी/सेपर्यंत जाऊन येतो. डिजिटल सरासरी २.१ दाखवते, फोनवरच्या एक्ससीसोअर या अॅपमध्ये गेल्या ३० सेकंदांची चढण २.३ आणि थर्मलची एकूण सरासरी १.५. थर्मल सोडून सरळ निघालं की नेट्टो म्हणतो +०.३ आणि साधा व्हेरिओ −०.४. ग्लाइड रेशो (एक मीटर उतरताना किती मीटर पुढे) मिनिटाभरात १४ वरून ५५ वर जातो, मग नुसत्या रेघा.

यातला खोटा कोणता? की सगळेच खरे? पुस्तकी व्याख्या नकोत, पॅनलकडे बघताना उपयोगी पडेल असं सांगा.

---

शून्यसिंक

सगळेच खरे असू शकतात, कारण प्रत्येकाला विचारलेला प्रश्न वेगळा आहे. हवा किती वर चालली आहे, ग्लायडरची एकूण ऊर्जा किती वाढते आहे आणि जमिनीच्या हिशोबाने आपण कुठे चाललो आहोत, हे तीन प्रश्न वेगळे. कुठला आकडा कुठल्या प्रश्नाचा हे कळलं की निम्मं भांडण मिटतं. उरलेलं निम्मं गळक्या नळ्यांचं असतं, त्याकडे नंतर येऊ.

आधी एकक तपासा. १ नॉट म्हणजे मिनिटाला १०१ फूट, म्हणजेच सेकंदाला ०.५१ मीटर. अल्टिमीटर फुटांत आणि व्हेरिओ नॉटमध्ये असेल तर नॉटला शंभराने गुणलं की मिनिटाला फूट मिळतात. काटा नॉटमध्ये आणि फोन मी/से मध्ये, अशी खिचडी असेल तर 'फोन अर्धंच दाखवतो' ही तक्रार हमखास येते.

आता काटा. काट्याच्या व्हेरिओमागे थर्मासची बाटली असते (विंटर कंपनीच्या नेहमीच्या ±५ मी/से व्हेरिओला ०.४५ लिटरची). वर जाताना बाहेरचा दाब घटतो, बाटलीतली हवा व्हेरिओतून बाहेर जाते आणि जाताना आतलं पातं ढकलते. खाली येताना उलट. त्यामुळे काटा थोडा उशिरा बोलतो. हा उशीर २ ते ३ सेकंदांचा धरा.

हे क्षुल्लक वाटतं, पण हिशोब करून बघा. ताशी ९० किमी आणि ४५ अंशांचा बँक (पंखांचा कल) असेल तर त्रिज्या सुमारे ६४ मीटर आणि एक फेरी १६ सेकंदांत पुरी. म्हणजे सेकंदाला साडेबावीस अंश वळण. अडीच सेकंदांचा उशीर म्हणजे सुमारे ५६ अंश. काटा शिखरावर दिसतो तेव्हा थर्मलचा जोरदार भाग मागे राहिलेला असतो. काटा वर गेला की त्याच क्षणी बँक कमी करून 'तिकडे' सरकणारा पुढच्या फेरीत थर्मलबाहेर असतो. सीटखालून बसलेला धक्का आणि काट्याचं शिखर यातलं अंतर दोन-तीन फेऱ्या मोजा, म्हणजे तुमच्या व्हेरिओचा उशीर हाताला येईल.

---

दख्खनी_घार

सरासरीबद्दल. शून्यसिंकरावांच्या १६ सेकंदांत एक भर: ३० अंशांच्या बँकेत त्याच वेगाला एक फेरी जवळजवळ २८ सेकंद घेते. म्हणजे २० सेकंदांची सरासरी उथळ बँकेत एक फेरीही पुरी मोजत नाही. थर्मलची चांगली बाजू मोजली गेली तर ती फुगते, वाईट बाजू मोजली गेली तर आटते. सरासरीचा आकडा फेरी पूर्ण झाल्यावर, दर वेळी एकाच दिशेला नाक असताना वाचायचा. मध्येच बघू नका.

तुमच्या उदाहरणातला ४ हा क्षणाचा आहे, २.१ गेल्या फेरी-दीड फेरीचा आणि १.५ पहिल्या वळणापासून आतापर्यंतचा. त्या १.५ मध्ये थर्मलचा मध्य शोधताना घालवलेला वेळही आला. ४०० सेकंदांत ६०० मीटर मिळाले असतील तर सरासरी १.५ च, मध्ये काटा कितीही नाचला तरी.

थर्मल सोडायचा की नाही हे २.१ वरून ठरवा. पुढच्या थर्मलकडून काय अपेक्षा ठेवायची हे १.५ वरून. ४ वरून काहीच ठरवू नका.

---

कामशेतकर

मी पॅराग्लायडिंगवाला, त्यामुळे प्रश्न थोडा बाजूचा. आमच्या व्हेरिओत टोटल एनर्जी नसते तरी काही अडत नाही. ग्लायडरवाले त्याचा इतका बाऊ का करतात?

---

शून्यसिंक

कारण तुमचा पंख ताशी ३५ ते ५० च्या आसपास असतो. ग्लायडर ताशी १६० वरून १०० वर येतो तेव्हा वेगात साठलेली ऊर्जा उंचीत बदलते. हिशोब सोपा: दोन्ही वेगांच्या वर्गांमधला फरक भागिले दोन जी (जी म्हणजे गुरुत्वत्वरण). ताशी १६० म्हणजे ४४.४ मी/से आणि १०० म्हणजे २७.८. उत्तर येतं सुमारे ६१ मीटर. हे दहा सेकंदांत केलं तर साधा व्हेरिओ ६ मी/सेचा थर्मल दाखवेल, आणि हवा मात्र ढिम्म. काठी (कंट्रोल स्टिक) ओढून बनवलेला हा थर्मल. त्यात वळणारा माणूस एक पूर्ण फेरी फुकट घालवतो.

टोटल एनर्जीचा व्हेरिओ उंची आणि वेग दोन्ही मिळून एकूण ऊर्जा मोजतो. शेपटीच्या उभ्या पंखावरून पुढे आलेली बारीक नळी हे काम यांत्रिक पद्धतीने करते. तिच्या भोकापाशी स्थिर दाबातून गतिज दाब वजा झालेला मिळतो. वेग घटला की ही वजाबाकी घटते आणि उंची वाढल्यामुळे झालेली दाबघट तिथेच खोडली जाते. घनतेचा परिणाम दोन्हीकडे सारखाच, म्हणून ही नळी खाली-वर सगळीकडे चालते.

एक मर्यादा मात्र राहते, तीही माहीत हवी. समोरून अचानक आडवा झोत आला तर हवेतला वेग वाढतो आणि नळी त्याला ऊर्जा समजते. ३० मी/से वेगाला १ मी/सेचा झोत म्हणजे ३ मीटरची खोटी ऊर्जा. एका सेकंदात काटा ३ ने उडी मारतो आणि बसतो. सीटखालून काहीच जाणवलं नाही, वेगदर्शकाचा काटा मात्र हलला, तर तो झोत. वळू नका.

---

वाऱ्याची_लेक

टोटल एनर्जी बरोबर आहे की नाही हे तपासायची पद्धत देते. सकाळची शांत हवा हवी, दुपारी करून उपयोग नाही.

ताशी १६० वर ग्लायडर स्थिर करा आणि १५ सेकंद थांबा. व्हेरिओ त्या वेगाचा सिंक (खाली उतरण्याचा वेग) दाखवेल. आता काठी हळूच, एकसारखी ओढून ताशी ९० वर या. काटा १६० च्या सिंकवरून ९० च्या सिंकवर सावकाश सरकायला हवा आणि शून्य ओलांडायला नको. चढ दाखवला तर भरपाई कमी पडते आहे. मध्येच सिंक आणखी वाढला तर भरपाई जास्त होते आहे. काठी हिसक्याने ओढली तर क्षणभर जास्त सिंक दिसणारच, कारण जी वाढलं की ड्रॅग खरंच वाढतो. तो व्हेरिओचा दोष नाही.

चूक आढळली की आधी नळी बदलू नका, गळती शोधा. दहातल्या नऊ वेळा दोष जोडात असतो: उभ्या पंखातल्या खोबणीतली ओ-रिंग चिरलेली, नळी पूर्ण आत न ढकललेली, पॅनलमागच्या टी-जोडावर रबर कडक झालेलं, किंवा नळीत पाण्याचा थेंब.

जमिनीवरची परीक्षा: १० मिलीची सिरिंज आणि मऊ सिलिकॉन नळी घ्या. नळी प्रोबवर (शेपटीवरच्या त्या बारीक नळीवर) अशी चढवा की भोकं झाकली जातील. सिरिंजचा दट्ट्या *अगदी* सावकाश ओढा. दुसऱ्याने कॉकपिटमध्ये काटा बघायचा आणि तो टोकाला जायच्या आत 'थांब' म्हणायचं. काटा चढ दाखवेल. दट्ट्या तसाच धरून ठेवा.

– काटा शून्यावर येऊन थांबला: सगळं घट्ट.
– शून्य ओलांडून सिंकमध्ये जाऊन रेंगाळला: प्रोबपासून व्हेरिओपर्यंतच्या नळीत गळती.
– चढ दाखवतच राहिला: बाटलीच्या बाजूला गळती, बहुतेक बुचापाशी.

तोंडाने ओढू किंवा फुंकू नका. पातं वाकतं आणि वाफेचं पाणी नळीत राहतं.

हवेत असताना आणखी एक खूण मिळते. सरळ, स्थिर उडताना हवेची खिडकी किंवा व्हेंट उघडा. काटा हलला तर कॉकपिटमधला दाब कुठूनतरी आत शिरतो आहे.

---

बिनइंजिन

ताई, हे सोन्यासारखं आहे. मग नेट्टोचं काय? +०.३ आणि −०.४ एकाच वेळी कसे?

---

दख्खनी_घार

एएसके-२१ चा उत्तम ग्लाइड ३४, ताशी ९० च्या आसपास. २५ मी/से भागिले ३४ म्हणजे ०.७३ मी/से सिंक, शांत हवेत. नेट्टो हा सिंक परत मिळवून देतो आणि फक्त हवा काय करते ते सांगतो. हवा ०.३ ने वर, ग्लायडर हवेत ०.७ ने खाली, म्हणून साधा व्हेरिओ −०.४. दोघंही प्रामाणिक.

नेट्टो किती खरा हे यंत्रात भरलेल्या पोलरवर (कुठल्या वेगाला किती सिंक याच्या आलेखावर) अवलंबून असतं. एकट्याने उडताना एएसके-२१ सुमारे ४७० किलो, दोघांनी भरलं तर ६०० पर्यंत. पोलरवरचे वेग वजनाच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने सरकतात, म्हणजे इथे १३ टक्के. यंत्रात वजन एकट्याचं आणि मागे प्रशिक्षक बसलेला, तर वेगात जाताना नेट्टो थापा मारणार.

आणि वळणात नेट्टोकडे बघू नका. बहुतेक यंत्रं सरळ उड्डाणाचा सिंक मिळवतात. ४५ अंशांच्या बँकेत भार १.४१ जी होतो आणि किमान सिंक १.६८ पट. एएसके-२१ चा ०.६५ चा १.१ होतो. म्हणजे वळणात हवेचा चढ नेट्टो ०.४ ने कमीच सांगतो.

यातूनच सुपर-नेट्टो किंवा रिलेटिव्ह निघाला: नेट्टोतून वळणातला सिंक, ढोबळ १ मी/से, वजा करायचा. 'इथे आत्ता वळलो तर किती चढेन' याचं उत्तर. सरळ जाताना हाच माझ्या मते सर्वात कामाचा.

---

शून्यसिंक

इथे मी थोडा वेगळा. नवशिक्याने पहिले पन्नास तास साध्या टोटल एनर्जी व्हेरिओवरच काढावेत. नेट्टो चालू ठेवला की सिंकची जाणीव बोथट होते. काटा शून्यावर आणि ग्लायडर गुपचूप पाऊण मीटरने खाली.

शिवाय मॅकक्रेडी रिंगची भानगड. काट्याभोवती फिरणारी ती रिंग पॉल मॅकक्रेडींची, १९५६ मध्ये फ्रान्सच्या सां-यां इथे जागतिक विजेते झालेले, पुढे माणसाच्या पायडलवर उडणारं विमान बनवणारे. रिंगचा बाण पुढच्या थर्मलच्या अपेक्षित चढावर लावायचा, मग काटा रिंगवरच्या ज्या वेगाकडे बोट दाखवेल त्या वेगाने जायचं. ही रिंग *साध्या* टोटल एनर्जीसाठी आखलेली असते. तीच नेट्टोवर लावली तर सगळे वेग चुकीचे.

---

दख्खनी_घार

रिंगचं मान्य. पन्नास तासांचं नाही. रिलेटिव्ह लावा आणि अल्टिमीटर बघा, बोथट काही होत नाही. पण दोघेही एवढं म्हणू की प्रत्येक उड्डाणात मोड बदलत बसू नये आणि पॅनलवर कुठला मोड चालू आहे हे चिकटपट्टीवर लिहून ठेवावं. 

---

कामशेतकर

अजून एक. जीपीएसची चढण आणि दाबाच्या व्हेरिओची चढण, उन्हाळ्यात जीपीएस नेहमी जास्त दाखवतं. बिनइंजिन यांच्या आकड्यांतही २.१ आणि २.३. जीपीएस चुकतं का?

---

दख्खनी_घार

उन्हाळ्यात जीपीएस जास्त बरोबर! दाबावरून उंची काढणारं यंत्र प्रमाण वातावरण गृहीत धरतं. पुण्याच्या ५६० मीटर उंचीवर प्रमाण तापमान ११ अंश आणि एप्रिलच्या दुपारी प्रत्यक्षात ३८. गरम हवा फुगलेली असते, तेवढ्याच दाबफरकासाठी जास्त मीटर चढावं लागतं. ३११ केल्विन भागिले २८४.५, म्हणजे ९ टक्के. वर गेलं की फरक थोडा घटतो, ७ ते ८ टक्के राहतो. २.१ चे २.३ झाले ते इथेच.

दुसरं कारण: टोटल एनर्जीची सरासरी वेग-उंचीची अदलाबदल मोजत नाही, जीपीएसची मोजते. थर्मलमध्ये वेगात शिरून काठी ओढली की पहिल्या अर्ध्या मिनिटात जीपीएसची चढण फुगलेली दिसते.

उंचीवर स्वतःचा सिंकही वाढतो. २५०० मीटरवर तोच दर्शित वेग प्रत्यक्षात १३ टक्के जास्त असतो, त्यामुळे ०.६५ चा ०.७३ होतो. ग्लाइड रेशो तोच राहतो.

---

बिनइंजिन

आता तो ग्लाइड रेशो. १४, ५५ आणि रेघा.

---

वाऱ्याची_लेक

क्षणाचा ग्लाइड रेशो करमणुकीपुरता. एक्ससीसोअरमध्ये तो जमिनीवरचा वेग भागिले उभा वेग, गेल्या २० सेकंदांचा. उभा वेग शून्याजवळ आला की भागाकाराला अर्थ राहत नाही म्हणून रेघा, आणि चढत पुढे गेलात तर उणे. १४ कुठून आला? ताशी ९० वर हवा १ मी/से ने खाली जात असेल तर एकूण सिंक १.७३. २५ भागिले १.७३ म्हणजे १४.४. ग्लायडर बिघडलेलं नाही, हवा वाईट आहे.

वाराही त्यात मिसळलेला असतो. तेच ग्लायडर, तीच शांत हवा, ताशी २० चा समोरचा वारा: २६. मागून तेवढाच: जवळजवळ ४२. म्हणून या आकड्याची पोलरमधल्या ३४ शी तुलना करून 'पंख घाण झालेत' असा निष्कर्ष काढू नका.

कामाचा आकडा म्हणजे *लागणारा* ग्लाइड रेशो. उदाहरण हातानेच करू. मैदान २४ किमी दूर, अल्टिमीटर क्यूएनएचवर (समुद्रसपाटीपासून) १९६० मीटर, मैदान ५६० मीटरवर, पोहोचताना ३०० मीटर शिल्लक हवेत. वापरता येणारी उंची ११००. २४,००० भागिले ११०० म्हणजे २२. पोलरच्या ३४ पैकी दोनतृतीयांश धरायचा जुना नियम २३ देतो, म्हणजे जमतंय, जेमतेम.

यात लोक चुकतात ते असं. यंत्रात मैदानाची उंची शून्य राहिली तर तेच यंत्र सांगेल साडेचौदा पुरे. हिरवी पट्टी छान भरलेली दिसेल आणि शेवटचे ५६० मीटर दगडातून उडायचे असतील.

---

शून्यसिंक

+१. आणि यंत्राच्या 'पोहोचताना उंची' या आकड्यात चार गोष्टी गृहीत असतात: मॅकक्रेडीचा आकडा (पुढचा अपेक्षित चढ), वारा, बग (पंखांवर चिकटलेल्या किड्यांमुळे होणारी घट) आणि राखीव उंची. मॅकक्रेडी शून्यावर ठेवला तर हिशोबात एक मीटरचीही चैन नसते, म्हणून परतीला निदान १ ठेवा. बगचं मात्र बघून घ्या: काही यंत्रांत १० म्हणजे कामगिरी १० टक्के कमी, काहींत ९० म्हणजे तेच. उलट भरलंत तर पट्टी लाल तरी होईल, नाहीतर जास्तच हिरवी. १० टक्के घट म्हणजे ३४ चे ३०.६, आणि ३० किमीला ८८० ऐवजी ९८० मीटर.

परतीच्या वाटेवर एकच सवय: दर दोन मिनिटांनी लागणारा ग्लाइड रेशो मनात नोंदवा. २२, २१, २० असा उतरत असेल तर चाललंय. २२, २३, २५ असा चढत असेल तर सिंकच्या पट्ट्यात आहात. वाट बाजूला सरकवा, वेग वाढवा आणि शेत शोधायला लागा. २५ चा ३० होईपर्यंत थांबलात तर शेत निवडायला उंची उरत नाही.

---

बिनइंजिन

शेवटचा किरकोळ प्रश्न. बाटलीत स्टीलवूल भरायचं म्हणतात ते खरंच लागतं का?

---

वाऱ्याची_लेक

लागतं. दाब झपाट्याने बदलला की बाटलीतली हवा गार किंवा गरम होते आणि मग जेवढी बाहेर पडायला हवी तेवढी पडत नाही. पूर्ण उष्णताबंद स्थितीत प्रवाह १.४ ने भागला जातो, म्हणजे काटा तीसेक टक्के कमी दाखवू शकतो. धातूची जाळी ती उष्णता झेलते.

स्टीलऐवजी तांब्याची घ्या. स्टील गंजतं आणि पॅनलजवळ बाटली असेल तर होकायंत्राला ओढतं. भांडी घासायची तांब्याची जाळी चालते, फक्त साबण लावलेली नको. आधी कोमट पाण्यात धुवा, दिवसभर उन्हात वाळवा. सैल भरा, ठासू नका, आणि बारीक तुकडे नळीत जाऊ नयेत म्हणून तोंडाशी थोडी गाळणीची जाळी लावा.